गल्लीचं गाऱ्हाणं

आमच्या गल्लीत मी कोणाच्याही आवाजात बोलतो. पालीची गाडी लागली की स्टँडवरची जी बाई नाकातून "प्रवाशांनी कृपया" म्हणते, ती मी. शाळेत हेडसरांनी त्यांचाच आवाज काढताना मला पडद्यामागे पकडलं, एक सणसणीत ठेवून दिली आणि संध्याकाळी गॅदरिंगला तोच आवाज स्टेजवर काढायला लावला. तेव्हापासून मी समजून चाललोय की आपल्याला हे परवडतं. गावाहून आईचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न, "आता खरा बोलतोस की कोणाचा?"

धंदा म्हणाल तर मोबाईलची कव्हरं आणि काचा. दुकान इतकं चिंचोळं की गिऱ्हाईक आत आलं तर मी बाहेर येऊन उभा राहतो. पण दुकान आहे म्हणजे मी व्यापारी, आणि व्यापारी म्हणजे आमच्या गल्लीच्या व्यापारी मंडळाचा सभासद. मंडळात माझं काम ठरलेलं. मीटिंगला कोणी आलं नाही की त्याच्या आवाजात मी हजेरी लावायची. सगळे हसायचे, चहा यायचा, मीटिंग संपायची.

माझ्या दुकानासमोर एक फोटो स्टुडिओ होता. मालक मुंबईला पोराकडे गेले ते तिकडचेच झाले. शटर गंजलं, पण पुढचा चिऱ्याचा ओटा मात्र मजबूत. त्या ओट्यावर काकी झोपायची.

काकी म्हणजे कोणाचीच काकी नाही. मच्छी मार्केटमध्ये गिऱ्हाईकांना मासे कापून द्यायची. सकाळी जायची, दुपारी नळावर हात घासघासून धुवायची आणि दिवेलागणीला ओट्यावर यायची. एक गोधडी, एक पिशवी, आणि पिशवीत गुंडाळलेली कोयती. नवरा मुंबईत हॉटेलात होता, तो गेला, त्याच्या मागोमाग भाड्याची खोली गेली. गावी दिरांनी घराच्या वाटण्या केल्या होत्या आणि वाटणीत काकी कोणाच्याच वाट्याला आली नव्हती. हे तिनेच मला सांगितलं, असं हसत, जसं काही दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगतेय.

ती मला रेडिओ म्हणायची.

"काय रं रेडिओ, आज कोणाचा कार्यक्रम?"

"आज काकीचा."

मग मी तिचा आवाज काढायचा. ती झोपायच्या आधी घसा खाकरायची आणि गल्लीतल्या कुत्र्याला शिव्या घालायची, ते सगळं साग्रसंगीत. तिला इतकं हसू यायचं की पदर तोंडात कोंबायची. आणि वर चुका काढायची. "मी काय अशी खोकतंय? मेल्या, तू म्हातारीसारखा खोकतंस. परत कर."

एकदा मी तिला विचारलं, स्टँडवर शेड आहे, पाऊस लागत नाही, मग इथे का? तिने हार्डवेअरवाल्यांच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीला रात्रभर ट्यूब असते. "हितं उजेड हाय. उजेडात कोण जवळ येत नाय." एवढंच बोलली आणि कुत्र्याला शिव्या घालायला लागली. स्टँडवर काय झालं होतं ते मी विचारलं नाही. मला गमतीचं बोलता येतं. असलं विचारता येत नाही.

ती पाटी आमच्या अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे हार्डवेअरवाले, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊ वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही सगळं त्यांच्यावर ढकलाल आणि मी सुटेन. मागच्या पावसात ओट्यावर ताडपत्री भाऊंनीच लावून दिली होती, स्वतः शिडीवर चढून. पण गणपतीपुळ्याला जाणारे पाहुणे आपल्या गल्लीत थांबावेत, काजू, कोकम, आंबापोळी घ्यावी, हा त्यांचा ध्यास. आणि थांबलेल्यांतल्या कोणीतरी नेटवर लिहिलं की बाजार छान आहे, पण दुकानांच्या पायरीवर माणसं झोपलेली असतात, बायकामुलांना घेऊन फिरायला सुरक्षित वाटत नाही. खाली फोटो. फोटोत ओटा, ताडपत्री आणि गोधडीतून बाहेर आलेली काकीची पावलं.

भाऊंनी तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

त्याच सुमाराला पालिकेत नव्या नियमाचं घाटत होतं. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी दुकानांच्या पायऱ्या, ओटे, थांब्याच्या शेडी, इथे रात्रीचं झोपायचं नाही, झोपलेल्याला उठवायचा अधिकार पालिकेच्या माणसांना. अजून पक्का नव्हता. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, आणि व्यापारी मंडळांनी आपलं मत कळवावं असं सांगितलं होतं.

आमच्या मंडळाला मत कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यामुळे मीटिंगवर मीटिंग झाली.

भाऊ म्हणायचे, "पाठिंबा द्यायला हवा. गल्लीच्या भल्याचं आहे."

मग सगळे पंख्याकडे बघायचे. कारण मत म्हणजे काकी, हे सगळ्यांना कळत होतं, आणि काकीने सगळ्यांच्या घरचा बांगडा कापलेला होता. होय म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि नाही म्हणायला भाऊंची भीड पडत होती. उधारीवर खिळे सगळेच नेतात.

एकटे टेलरदादा बोलायचे. "ती जाईल कुठं, ते पण लिहा मग सूचनेत. एखादी खोली द्या म्हणावं. निवारा द्या, मग उठवा."

"ते पालिकेचं काम," भाऊ म्हणायचे. "आपण आपलं बोलूया."

आणि मग ते माझ्याकडे बघायचे, "काय रे, तुझं काय?" मी लगेच टेलरदादांच्या आवाजात, "ती जाईल कुठं, ते पण लिहा." सगळे हसायचे. टेलरदादासुद्धा. विषय पुढे ढकलला जायचा. तेव्हा मला वाटायचं, बघा, मी वातावरण कसं हलकं करतो.

मग मंडळाची पूजा आली. दरवर्षी गल्लीत मांडव घालून सत्यनारायण असतो आणि पूजा झाली की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. आमच्या कोकणात हे नवीन नाही. एकाने देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक मागणं संपलं की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" आमच्या गल्लीचं गाऱ्हाणं किराणावाले आजोबा घालत. काय आवाज होता! मांडवाची कनात हलायची. पण त्या वर्षी आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि बोलणं बंद होतं. ते पुढच्या खुर्चीत मफलर गुंडाळून बसले होते.

"तू घाल," भाऊ मला म्हणाले. "आजोबांच्या आवाजात. मजा येईल."

मला काय, माकडाला फांदी. आजोबांनीपण मान हलवली, हसले. मी नारळ हातात घेतला, तेव्हा भाऊ कानाशी आले. "एक ओळ घाल रे मध्ये. पायरी मोकळी कर म्हणून. नाव नको घेऊ कोणाचं. देवाच्या कानावर घालून ठेवूया, बस."

मी म्हटलं, बरं.

इथे मला खोटं बोलता येणार नाही. मला कळलं होतं. अगदी कळलं होतं. पण मांडव भरलेला, माईक हातात, आणि आजोबांचा आवाज घशात आयता तयार. तो सोडवेना.

"हे देवा म्हाराजा! आज तुज्या ह्या लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

हुबेहूब. बायका एकमेकींना कोपर मारायला लागल्या. आजोबांच्या सूनबाईंनी तर डोळ्याला पदर लावला.

"आमची पोरंबाळं मुंबईत कामाधंद्याला हायत, त्यांना सुखी ठेव म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या धंद्याला कोणाची नजर लागली आसंल, ती आल्या वाटंनं परत पाठव म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

आता लय लागली होती. गाऱ्हाण्याला लय लागली की कोणी ऐकत नाही. आवाज खाली उतरला की होकार वर चढतो, लहानपणापासून अंगात बसलेलं असतं.

"आणि ह्या गल्लीत रातचं जे कोण पायरी अडवून निजतं, त्याची वाट त्याला दाखव, आणि आमची गल्ली मोकळी कर म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. आणि त्या सगळ्यांत एक आवाज मागून आला, सगळ्यांच्या वर, चिरका. तो आवाज मला चांगला माहीत होता, मी रोज काढायचो. मांडवाच्या शेवटी प्रसादासाठी काकी बसली होती. डोक्यावर पदर, हात जोडलेले, डोळे मिटलेले. तीपण म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मी पुढचं मागणं घातलं. थांबलो नाही. गाऱ्हाणं पुरं केलं, टाळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर भाऊंचा मेसेज आला: नियमाला मंडळाचा एकमताने पाठिंबा, काल देवासमोर सर्वांनी होकार दिला आहे.

मला वाटलं, आता कोणीतरी चिडेल. कोणी चिडलं नाही. खरं सांगू? सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. जे पंख्याकडे बघत बसायचे ते आता एकमेकांना सांगत होते, "आता काय, देवासमोर बोललो आपण. शब्द फिरवायचा कसा?" इतक्या मीटिंगांत जे जमलं नाही ते माझ्या एका नकलेनं जमवलं.

टेलरदादा बौद्ध आहेत. मांडव बांधायला सगळ्यांच्या पुढे असतात, पूजेला बसत नाहीत. त्यांनी भाऊंना रस्त्यातच अडवलं. "एकमत कसं? मी होतो कुठं?"

"प्रसादाला आला होतात ना?"

"शिऱ्याला हो म्हटलं मी. ह्याला नाही."

मी दुकानातून ऐकत होतो. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी एका कव्हरवरची धूळ पुसायला घेतली.

मग धीर करून भाऊंकडे गेलो. म्हटलं, "भाऊ, ती ओळ मागे घेऊया. परत नारळ ठेवू. मी घालतो दुसरं गाऱ्हाणं."

"वेडा झालास? देवाला काय खेळ वाटला?" भाऊ खरोखर रागावले होते. "आणि तुझ्या तोंडचंच आहे ना ते?"

संध्याकाळी काकी ओट्यावर गोधडीची घडी घालत होती. झोपताना पसरतात तशी नाही, नेताना घालतात तशी.

"काकी, कुठं?"

"त्या टेलरानं सांगितलान मना सगळा. कसला तो नियम, तुमचा तो ठराव."

"अगं, नियम झालेला नाही अजून. कोण उठवणार नाही तुला. महिने लागतील."

"उठवंल कोण कशाला? मीच व्हय बोल्ले न्हवं?" ती पिशवीत कोयती कापडात गुंडाळून ठेवत होती. "देवासमोर बोल्ले. आता हितं निजू कशी?"

"पण तुला माहीत नव्हतं ना, काय म्हणतोय ते."

"तुला व्हतं," ती म्हणाली.

चिडून नाही. साधं. मग जाताना तिने ताडपत्री सोडून नीट गुंडाळली आणि भाऊंच्या दुकानाच्या पायरीवर ठेवली. त्यांची होती म्हणून.

आठवडाभरात ओट्यावर कुंड्या आल्या. मोठ्या, सिमेंटच्या, जास्वंदीच्या. आता पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढतात.

पालिकेत सुनावणी होती तिथे मीही गेलो. भाऊ पुढच्या रांगेत, मंडळाची माणसं त्यांच्या मागे, टेलरदादा एका कडेला. समोर अधिकारी बाई होत्या. भाऊंनी मंडळाचा पाठिंबा सांगितला. बाईंनी विचारलं, "तुमच्या भागात अशी झोपणारी माणसं किती? त्यांची सोय काय करावी, असं मंडळाचं म्हणणं?"

"आमच्या गल्लीत आता कोणी नाही, मॅडम," भाऊ म्हणाले.

आणि ते खरंच होतं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मी उभा राहिलो. "होती," मी म्हटलं.

सगळे वळले. मी पुढे बोललो, "माझी हरकत आहे."

हशा झाला. आमच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "कोणाचा रे हा? तलाठी आप्पांचा काय?" दुसरा म्हणाला, "नाय नाय, ह्यो बँकेतला." ते वाईट हसत नव्हते. ते वाट बघत होते. मी उभा राहिलो म्हणजे कोणाचा तरी आवाज येणार, आपण ओळखायचा. गल्लीत हाच खेळ आहे आमचा. मी परत म्हटलं, "खरंच हरकत आहे." ते परत हसले. आवाज कुठूनतरी पातळ, पोरकट येत होता. तो माझाच होता आणि मलाच ओळखीचा वाटेना. बाईंनी दोनदा विचारलं, नक्की हरकत काय? मला सांगायचं होतं की ट्यूबच्या उजेडात एक बाई झोपायची कारण तिथे तिला सुरक्षित वाटायचं, आणि सुरक्षिततेसाठी आम्ही तिला घालवली. मी म्हटलं, "त्या मासे कापतात." आणि पुढचं निघेना.

मग टेलरदादा उठले आणि जे मीटिंगमध्ये बोलायचे तेच बोलले. आधी निवारा द्या, मग उठवा. बाईंनी हरकत लिहून घेतली, दोघांच्या नावावर. नियम अजून लटकलेलाच आहे. कुंड्या मात्र आहेत.

दुसऱ्या दिवशी मार्केटमध्ये गेलो. काकी सुरमईचे तुकडे करत होती. तिने मला बघितलं आणि हात न थांबवता म्हणाली, "ह्यास काय व्हया?"

"काकी, मी हरकत घेतली काल. पालिकेत."

"कोणाच्या आवाजात?"

"माझ्या."

आता ती थांबली. कोयती हातात तशीच. "तुजा कसा आसतो?"

मला हसवायला बोलली असेल. मला माहीत नाही. मी म्हटलं, "ये परत. माझ्या दुकानाच्या पायरीवर ये. मी ट्यूब लावतो."

"तुज्या पायरीवर माजे पाय रस्त्यात येतील. गाडी जाईल वरून." ती परत कापायला लागली. बंदरावर एका मच्छीवालीच्या जाळ्यांच्या खोपीत झोपते म्हणाली. वास आहे, पण चार बायका असतात. उजेड? "काळोख हाय. कोयती उशाला घेऊन निजतंय." गिऱ्हाईकाच्या पिशवीत तुकडे टाकले, हात पाण्यात बुडवला आणि मग म्हणाली, "गाऱ्हाणं सावकाश घालायचा रं. माणसाला ऐकू याया पायजे."

आत्ता, या वर्षी, परत पूजा झाली. आजोबांचा आवाज काही परत आला नाही. डॉक्टर म्हणतात, आता एवढाच. भाऊंनी माईक माझ्याकडे दिला. मी नको म्हणणार होतो. पण घेतला, आणि आजोबांचा आवाज नाही काढला. जो आला त्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोललो. बायका आधी कुजबुजल्या, "बरं नाय काय ह्याला?" पोराबाळांचं मागणं झालं, धंद्याचं झालं, होकार आले, पण विस्कळीत, कारण लय नव्हती.

मग मी म्हटलं, "देवा म्हाराजा, गेल्या वर्षी ह्या जागेवरून मी एक मागणं घातलं, त्यानं ह्या गल्लीतली एक बाई अंधारात गेली. ते मागणं मी परत घेतो, तू तिला उजेडात आण म्हाराजा."

थांबलो.

मांडवात कोणी काही म्हटलं नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं. भाऊ नारळाकडे बघत होते. कोणाचा तरी मोबाईल वाजला आणि लगेच बंद झाला. मागे, जिथे ती बसायची, तिथे या वर्षी चपला काढून ठेवल्या होत्या.

पुढच्या खुर्चीत आजोबांचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. काय म्हणाले ते मला कळलं, मी इतकी वर्षं त्या तोंडाकडे बघून शिकलोय. त्यांच्या आवाजात मी ते सहज म्हणू शकलो असतो, कनात हलेल एवढ्या मोठ्याने, आणि मला माहीत आहे, मागोमाग सगळा मांडव म्हणाला असता.

मी माईक खाली ठेवला.

"चला, प्रसाद घ्या," भाऊ म्हणाले.